खारा की मतलई

शनिवार, १४ जून २०२५
तारिफाच्या पुढचं गाव, स्पेन

प्रिय पपा,

सुखरूप पोहोचलो. फोन केला असता, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि येत नाही हे तुम्ही कबूल करत नाही. मग आपण दोघंही ओरडतो आणि शेजारून अनुराधाताई दार वाजवतात. त्यापेक्षा पत्र बरं. तुम्ही नेहमीप्रमाणे वहीत लिहा आणि फोटो काढून पाठवा. फक्त फोटोत अंगठा येऊ देऊ नका.

गावाचं नाव तारिफा, आणि तारीफ करावी असंच आहे सगळं. आम्ही गावाच्याही पुढे आहोत. टॉवर नाहीत, मॉल नाही, नुसती वाळू, पाइनची झाडं आणि वारा. गाई चालत येतात आणि किनाऱ्यावर बसून रवंथ करतात. समोर आफ्रिकेचे डोंगर दिसतात. आमच्या खोलीला दोन खिडक्या आहेत, एक समुद्राकडे आणि एक मागे डोंगराकडे. घरमालकीणबाईंना इंग्लिश येत नाही, मला स्पॅनिश येत नाही, तरी आमचं बरं जमतं.

मरिसा आल्यापासून जमिनीवर नाही. उद्या डोंगरावर चालत जायचं, परवा घोड्यावरून पाइनच्या जंगलात, आणि मंगळवारपासून ते. तेच, ज्यासाठी तिने वर्षभर माझं डोकं खाल्लं. पायाखाली फळी, कमरेला पतंग, आणि वाऱ्याने ओढत नेलं की पाण्यावरून पळायचं. काईट सर्फिंग.

तुमच्या ॲड्रियनला जाऊन डिसेंबरमध्ये चार वर्षं होतील. खोर फक्कानच्या समुद्रावर जे झालं त्यानंतर मी मरिसाला साधं पूलमध्येही उतरू दिलं नव्हतं, तुम्हाला माहीत आहे. आता ती एकोणीस वर्षांची आहे. मी नाही म्हटलं तर ऐकेल, पण पुन्हा माझ्याशी मनापासून बोलणार नाही. म्हणून तुमच्यासमोर ठरलं तेच धरून चालते: ग्रँडपा वाऱ्याला हो म्हणाले तरच पाण्यात. तुमच्या शब्दावर मी इथवर आलेय, पपा. मला फार भीती वाटते.

तुमची,
क्लेअर


रविवार, १५ जून
डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई

बाय क्लेअर,

पत्र मिळालं, तीनदा वाचलं. इकडे चव्वेचाळीस डिग्री. आपल्या क्लस्टरला बिल्डरने मेडिटरेनियन नाव दिलं, पण पाणी म्हणशील तर झाडांना घालायच्या पाइपात तेवढं. तू खऱ्या मेडिटरेनियनच्या तोंडाशी बसलीस. जबल अलीच्या चर्चमध्ये सकाळच्या मिस्साला तुम्हा दोघींसाठी मेणबत्ती लावली.

आता कामाचं. नीट वाच. माझा बाप पाचूबंदरला होडीचा तांडेल होता, आणि मी बंदरात, मोठी जहाजं ओढणाऱ्या टगवर तीस वर्षं काढली. मला त्या पतंगातलं काही कळत नाही, पण वारा कळतो. पहिली गोष्ट, वारा किती जोराचा हे नंतर. वारा कुठून कुठे हे आधी. समुद्रावरून जमिनीकडे येतो तो खारा. जमिनीवरून समुद्राकडे जातो तो मतलई. खाऱ्यात माणूस पडला तरी वारा त्याला काठाला आणून टाकतो. मतलई मात्र दिसायला गरीब असतो. काठाजवळ पाणी सपाट ठेवतो, इस्त्री केल्यासारखं, आणि एकदा माणूस त्याच्या हातात सापडला की बाहेर नेतो. खारा असेल तर पोरीला जाऊ दे. मतलई असेल तर घोटाही बुडवू देऊ नकोस.

ओळखायचं कसं? काठावर पाण्याकडे तोंड करून उभं राहायचं. वारा तोंडावर लागला पाहिजे. मग ओठ चाटायचे. मीठ लागलं, खारा. हे तू स्वतः करायचंस. पतंग शिकवणाऱ्या शाळेवाल्यांना विचारू नकोस, त्यांना दुकान चालवायचं असतं. तुझे डोळे ते माझे डोळे.

आणि एक. टगवर माणूस पाण्यात पडला की एकाला एकच काम असतं. त्याने हात लांब करून पडलेल्याकडे बोट दाखवत उभं राहायचं. धावायचं नाही, दोरी शोधायची नाही, ओरडणाऱ्याकडे वळून बघायचं नाही. लाटांत माणसाचं डोकं नारळाएवढंही दिसत नाही, एकदा नजर हलली की खलास. बोट आणि नजर, बस. गरज पडणार नाही, इन्शाल्ला. पण माहीत असलेलं बरं.

तुझा,
पपा


मंगळवार, १७ जून

प्रिय पपा,

अंगठा आलाच. 'मतलई'च्या वर बरोबर बसला होता, पण वाचलं.

डोंगराची चाल झाली. मरिसाच्या पायाला दोन फोड आणि चेहऱ्यावर हसू. घोड्यावरून पडली नाही. आज पाण्याचा पहिला दिवस होता. शिकवणारी तहसीन म्हणून आहे, आईबाप लाहोरचे, वाढलेली लंडनला. माझ्याशी हिंदीत बोलते. मरिसाला न्यायला आली तेव्हा म्हणाली, "आंटी, आप टेन्शन मत लो, कमर तक पानी है, और हमारी बोट रहती है." आंटी म्हटल्यावर टेन्शन वाढलं ते वेगळंच.

वारा खारा आहे. अकराच्या सुमारास सुरू होतो, दिवसभर समुद्राकडून जमिनीकडे वाहतो. जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते, तिची जागा घ्यायला समुद्रावरची थंड हवा येते. सगळं तुम्ही सांगितलं तसंच. ओठ चाटले. मीठ लागलं.

मरिसा संध्याकाळी इतकी भुकेली होती की माझ्या ताटातलंही जेवली. तिचे केस ओले, नाक लाल. चार वर्षांत मी तिला असं बघितलं नव्हतं. मला आनंद झाला.

तुमची,
क्लेअर


बुधवार, १८ जून

बाय,

वारा खारा, तर माझी परवानगी. रोज कळवत राहा.

तुझं पत्र वाचून अनुराधा हसली. मीच वाचायला दिलं. म्हणाली, "अल्बर्टकाका, हे तर पाचवीच्या भूगोलातलं! दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे. आम्हाला पुण्यात शाळेत हेच होतं. क्लेअरला अजून पाठ आहे!" पाठांतराला शंभर मार्क. पण बाय, पुस्तक एका शांत किनाऱ्याचं असतं. मोठा वारा पुस्तक वाचत नाही. इथे शमाल वारा उठला की दिवस-रात्र एकच. तेव्हा हवा हलकी होते की जड, ते मला सांगू नकोस. वाळू कुठल्या दिशेला पळते ते सांग. गाईंचं तोंड कुठे असतं ते सांग, गुरं वाऱ्याला पाठ देतात.

जेवतो मी व्यवस्थित. अनुराधा पाठवते. तिखट कमी असतं, पण बोलत नाही.

पपा


शुक्रवार, २० जून

प्रिय पपा,

तीन दिवस झकास गेले. मरिसा आता फळीवर उभी राहते. परवा म्हणे शंभर मीटर गेली. काल रात्री जेवताना ती माझ्याशी ॲड्रियनबद्दल बोलली, स्वतःहून. "डॅड वुड हॅव लव्ह्ड धिस." मी उठून पाणी आणायला गेले.

आज पहाटेपासून हवा बदललीय. गरम वारा सुटलाय, फार जोराचा. सगळे एकमेकांना "लेवान्ते, लेवान्ते" सांगतात. म्हणजे पूर्वेचा वारा, तिकडच्या मेडिटरेनियन समुद्रावरून येतो म्हणे. तो आठवडाभर वाहिला की माणसाचं डोकं फिरतं असं मालकीणबाई हातवारे करून सांगत होत्या. डोंगराकडची खिडकी सारखी आपटते, तिच्या फटीत टॉवेल कोंबलाय. समुद्राकडची मात्र शांत. पाणी तर काचेसारखं दिसतंय, काठाला लाट म्हणून नाही, त्यामुळे जरा धीर आला.

उद्या अकरा वाजता मरिसा पहिल्यांदा एकटी जाणार. तहसीन काठावर, बोट पाण्यात, पण फळीवर ती एकटी. ज्यांना जमेल असं वाटतं त्यांनीच या वाऱ्यात यावं, असं शाळेने सांगितलंय. मरिसा म्हणाली, "ग्रँडपा सेज येस, आय गो. ग्रँडपा सेज नो, आय डोन्ट." एवढंच. वाद नाही.

वारा खाराच आहे, पपा. समुद्रावरून येतो म्हणजे खाराच ना? दिवसाचे अकरा, दुसरा कुठला असणार! ओठांना मीठ लागतंय. तुम्ही काय ते सांगा. मला 'नाही' म्हणायची फार इच्छा आहे, म्हणूनच माझ्या म्हणण्यावर माझा विश्वास नाही.

क्लेअर


शनिवार, २१ जून
सकाळी साडेआठ, दुबई

बाय क्लेअर,

समुद्रावरून येतो, मीठ लागतं, म्हणजे खारा. जाऊ दे तिला. ॲड्रियनची पोर आहे, किती दिवस काठावर बांधून ठेवणार? गेली चार वर्षं मी या घरात प्रत्येक गोष्टीला नाही म्हणत आलो. आज हो. सांग तिला, ग्रँडपा सेज येस.

पपा


शनिवार, २१ जून
दुपारी बारा पन्नास

क्लेअर

थांबव तिला. वारा मतलई आहे.

डोंगराकडची खिडकी आपटते. समुद्राकडची शांत आहे. काठाला लाट नाही. तूच लिहिलंस, मी वाचलं, आणि सकाळी मला दिसलं नाही. आता अनुराधाला वाचून दाखवताना माझ्याच तोंडून ऐकलं. पूर्वेच्या समुद्रावरून निघत असेल, पण तुमच्या काठाला तो डोंगर ओलांडून येतो. तुमचा काठ पश्चिमेला आहे. तो तिला बाहेर नेईल.

तुमच्याकडे अकराला दहा कमी. पाण्यात जाऊ देऊ नकोस. फोन उचल.


दुपारी एक वीस

तुझा फोन लागत नाही. मरिसाचा बंद. मला ऐकू येत नाही म्हणून अनुराधा लावतेय. तुमच्या घरमालकिणीचा नंबर बुकिंगच्या कागदावर मिळाला. दोनदा वाजून बंद झाला.

बाय, समोर जहाजांचा रस्ता आहे. त्या सामुद्रधुनीतून दिवसाला शेकडो जहाजं जातात. जहाजाच्या ब्रिजवरून, सुकाणूवाल्याच्या वरच्या खोलीतून, माणसाचं डोकं दिसत नाही. मी तीस वर्षं त्या बाजूने बघितलंय. दिसत नाही.


दुपारी एक चाळीस

लागला. बाई स्पॅनिशमध्ये बोलते. अनुराधा नुसती ओरडते आहे, "क्लेअर! बीच! मरिसा! स्टॉप!" आणि मध्येच मराठीत, "अहो बाई, धावा ना!" फोन ठेवला गेला. कळलं की नाही देव जाणे.


दुपारी तीन

काही कळव. एक शब्द लिही. चांगला असो, वाईट असो.

अनुराधा माझ्या शेजारी बसून रामरक्षा म्हणते आणि मी नमो मरिया म्हणतो. कुणाचंही ऐकू दे.


शनिवार, २१ जून
रात्री नऊ, तारिफा

प्रिय पपा,

मरिसा जिवंत आहे. पलंगावर झोपली आहे. दोन्ही हात सोलले आहेत, बाकी काही नाही. दुपारी फक्त "ठीक आहे" एवढंच पाठवता आलं, त्याबद्दल माफ करा. माझा उजवा हात चालत नव्हता. आता चालतो.

आधी एक कबुली. ती दिल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही.

मी किनाऱ्यावर एकदाही गेले नव्हते. एकदाही नाही. सात दिवस या खोलीत बसून होते. मरिसाला सांगायचे की मी मागे वाळूच्या ढिगाऱ्यावर, गाईंपाशी बसून बघते, तिथून वारा कमी लागतो. तिने कधी तपासलं नाही. समुद्राकडची खिडकीही मी पडदा लावून ठेवली होती, काल फटीतून एकदा बघितलं तेवढंच. तुम्हाला जे लिहिलं ते भूगोलाच्या पुस्तकातून लिहिलं. पहिले तीन दिवस नशिबाने बरोबर निघालं. पश्चिमेचा वारा होता, खरंच खारा. कालही तेच पाठ लिहून टाकलं. दिवसा खारे, रात्री मतलई. अनुराधाताई हसल्या तेव्हाच तुम्ही मला पकडायला हवं होतं, असं म्हणणार होते. पण नाही. चूक माझी आहे.

ओठांना मीठ लागत होतं हे मात्र खोटं नव्हतं. मी रडत होते.

पावणेबारा झाले असतील. मालकीणबाई दारावर थापा मारत आल्या. "दुबाई! दुबाई! मरिसा!" एवढं कळलं. माझा फोन खाली त्यांच्या स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. तुमचं पत्र उघडलं. फोटोत अर्धा अंगठा, पण 'मतलई' दिसलं.

कशी गेले ते आठवत नाही. चप्पल एकच होती. किनाऱ्यावर पोचले तेव्हा वारा पाठीवर इतका आदळत होता की उभं राहता येईना. पोटऱ्यांना वाळू टोचत होती आणि सगळी वाळू पाण्याकडे पळत होती, पपा, सगळी, नदीसारखी. काठाला पाणी सपाट. तुम्ही लिहिलं होतं तसं, इस्त्री केलेलं. आणि पुढे, जिथे काठाचा आडोसा संपतो, तिथून पांढरंच पांढरं.

तहसीन धावत आली. "आंटी, काईट गिर गया, उठ नहीं रहा, वो बाहर जा रही है!" बोट एका दुसऱ्या मुलाला आणायला उजवीकडे गेली होती. तहसीन वॉकी-टॉकीवर बोटवाल्याशी ओरडत होती आणि मी विचारलं, कुठे आहे? तिने हात केला. मला दिसलं. एक नारिंगी ठिपका, टाचणीच्या डोक्याएवढा. तिचं लाइफ जॅकेट.

मला पळायचं होतं. खरं सांगते. पळत रस्त्यावर जावं, पोलिसांना बोलवावं, कुणाच्या तरी अंगावर ओरडावं. खोर फक्कानला मी तेच केलं होतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. त्या सकाळी कुणाच्या पोराची फुगवलेली रिंग वाऱ्याने बाहेर गेली, ॲड्रियन ती आणायला पोहत गेला. थोड्या वेळाने त्याने हात वर केला. मी बघितला तो हात. आणि मी पाठ फिरवून गाडीकडे धावले, फोन आणायला. परत येऊन बघितलं तर समुद्रावर काहीच नव्हतं. मदतीला आलेल्या माणसाने मला विचारलं, "मॅडम, कुठे? नेमकं कुठे?" मला सांगता आलं नाही. एवढा मोठा समुद्र, मी नुसता हात फिरवला. तेव्हापासून मी पाण्याकडे बघत नाही.

आज तिथे एक जुनी लाकडी होडी उपडी पडली होती. तिच्यावर चढले. हात लांब केला आणि त्या ठिपक्याकडे बोट धरलं.

तहसीनला म्हटलं, तू जा. बोट काठाशी वळली, ती पाण्यातून चालत जाऊन तिच्यात चढली. बोट निघाली आणि दोन मिनिटांत पांढऱ्यात शिरली. त्यांना काही दिसत नव्हतं. तिने नंतर सांगितलं, बोट लाटेच्या खाली गेली की चारी बाजूंना पाण्याच्या भिंती, वर आली की नुसता फेस. पतंग पाण्यावर पडून चपटा झालेला, तोही दिसेना. मग ती मागे वळून बघायची. होडीवर मी आणि माझा हात. हात जिकडे, बोट तिकडे.

किती वेळ? तहसीन म्हणते चाळीस मिनिटं. वाळू डोळ्यांत जात होती. डोळे मिटायचे नाहीत म्हणून मी एकेक मिटत होते, आधी उजवा, मग डावा. कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली, मी मान हलवली नाही. हात खाली यायला लागला तेव्हा डाव्या हाताने कोपर धरून ठेवलं. मोठं जहाज येत होतं, लाल, इमारतीएवढं. ठिपका त्याच्या दिशेने सरकत होता. मी तुम्हाला शिव्या दिल्या, पपा. खरंच दिल्या. मोठ्याने, मराठीत. देवालाही दिल्या. ॲड्रियनलाही. पण नजर नाही हलवली.

एकदा ठिपका दिसेनासा झाला. मी बोट तिथेच धरून ठेवलं, जिथे होता तिथे. लाट गेली आणि तो पुन्हा दिसला. अगदी बोटाच्या टोकावर.

मग तहसीनची बोट आणि ठिपका एक झाले.

तिला काठावर आणलं तेव्हाही मी होडीवरच होते. ती पाण्यातून चालत आली, ओठ निळे, थडथड उडत होती, तहसीनने धरलेली. माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "मॉम. यू कॅन पुट युअर हँड डाऊन नाऊ."

मला तो खाली करता येईना. खांदा लाकडासारखा झाला होता. दोघींनी मिळून हळूहळू वाकवला. मग मी तिला जवळ घेतलं आणि दोघी वाळूत बसलो. गाई बघत होत्या. त्यांची तोंडं पाण्याकडे होती. वाऱ्याला पाठ. हे मी कालच बघायला हवं होतं.

मला माफ करा. तुम्ही माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवलात आणि मी ते मिटून बसले होते.

क्लेअर


रविवार, २२ जून
डिस्कव्हरी गार्डन्स

बाय क्लेअर,

"ठीक आहे" आलं तेव्हा तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. अनुराधाने वाचून दाखवलं, मला खरं वाटेना, मी तिला पाच वेळा वाचायला लावलं. मग ती रडायला लागली आणि मीच तिला पाणी दिलं. आज मिस्साला ती माझ्याबरोबर आली. कुठे उठायचं कुठे बसायचं कळत नव्हतं, शेवटपर्यंत उभीच होती.

माफी कसली मागतेस? मी तांडेलाचा पोरगा. खिडकी आपटते आणि लाट नाही हे वाचून मला सकाळीच कळायला हवं होतं. पण बऱ्याच वर्षांनी कुणीतरी मला समुद्राबद्दल विचारलं, हो म्हणायची संधी दिली, आणि मी म्हातारा खूश झालो. मला खारा हवा होता, म्हणून खारा वाचला. तू पुस्तकातून लिहिलंस, मी इच्छेतून वाचलं. दोघांनी मिळून पोरीला बाहेर लोटलं.

आता माझी कबुली. बोट दाखवत उभं राहायचं, हे मी टगवर आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवलं. खैरुद्दीन म्हणून होता केरळचा, त्याला तर थप्पड मारून शिकवलं, कारण त्याने एकदा नजर हलवली होती. तीस वर्षांत किती जणांना शिकवलं असेल! घरात एकालाही नाही. पोटच्या ॲड्रियनला नाही, सून म्हणून आलेल्या तुला नाही. पिकनिकला निघालात तेव्हा मी दारात उभा होतो. सांगितलं काय, तर गाडी हळू चालव. तू धावलीस ती तुझी चूक नव्हे, बाय. तुला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणारा घरात होता आणि गप्प होता. चार वर्षं मला माझं हे गप्प राहणं कबूल करायचं होतं. पहिल्या पत्रात तो नियम सहज आठवला म्हणून लिहिला नव्हता.

आता तू म्हणशील ती परत पाण्यात जाणार नाही. मी काही बोलणार नाही. माझ्या शब्दाला आता वजन नाही. मलाही भीती वाटते, पहिल्यापेक्षा जास्त. एकच मागणं आहे. परत येईपर्यंत पडदा उघडा ठेव.

पपा


सोमवार, २३ जून
किनाऱ्यावरून

प्रिय पपा,

मी उपड्या होडीवर बसून लिहितेय. दोन्ही पायांत चप्पल आहे.

लेवान्ते काल संध्याकाळी पडला. आज पश्चिमेचा वारा आहे. पाण्याकडे तोंड करून उभी राहिले, वारा तोंडावर लागतो. वाळू गावाकडे पळते. गाईंचं ढुंगण समुद्राकडे आहे. लाटा लहान, पण काठाला येऊन फुटतात. ओठ चाटले, मीठ लागलं. आज मी रडत नाहीये, त्यामुळे ते समुद्राचंच असावं.

चहा झाल्यावर मरिसा म्हणाली, "इफ आय डोन्ट गो टुडे, आय नेव्हर विल." मग माझ्याकडे बघितलं, आणि मला दिसलं की तीही घाबरली आहे. मला वाटायचं भीती माझ्या एकटीची आहे. मी म्हटलं, कमरेच्या पलीकडे नाही. ती म्हणाली, ओके. मी म्हटलं, मी इथे होडीवर उभी राहीन. ती म्हणाली, "आय नो."

तुमची परवानगी मागत नाहीये. वारा खारा आहे, एवढं फक्त कळवते. माझी भीती तशीच आहे. ती जाणार नाही बहुतेक. परत आले की एकदा तुम्ही, मी आणि मरिसा खोर फक्कानला जाऊ. अनुराधाताईंनाही नेऊ.

तिने पतंग उचललाय. तहसीन दोर तपासते आहे. आता ती पाण्याकडे चालली. पत्र इथेच थांबवते, लिहिताना खाली बघावं लागतं.

क्लेअर